स्वप्नातला चिमटा

शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक माणूस पालथा झोपला होता. पाठ उघडी, डोक्याला आणि डोळ्यांच्या कडेला तारा चिकटवलेल्या. बंद पापण्यांआड त्याची बुबुळं धावायला लागून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा संशोधकांनी त्याच्या पाठीवर गार पाण्याचा फवारा मारला. तो जागा झाला नाही. ३० सेकंद थांबून त्यांनी त्याला उठवलं आणि काय चाललं होतं ते विचारलं. तो म्हणाला, मी एका नाटकात काम करत होतो. नायिकेच्या मागून चालत होतो, तेवढ्यात ती एकदम कोसळली आणि तिच्या अंगावर पाणी ठिबकू लागलं. मी धावत तिच्यापाशी गेलो, तर माझ्याही पाठीवर आणि डोक्यावर पाणी पडायला लागलं. छप्पर गळत होतं. ही पडली कशाने, हे कोडं काही सुटेना. वरचं प्लॅस्टर निखळून तिच्यावर पडलं असणार, असं मी ठरवलं. वर पाहिलं तर छपराला भोक होतं. मग मी तिला ओढत रंगमंचाच्या कडेला नेलं, पडदा ओढायला घेतला आणि तुम्ही मला उठवलंत.

विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे स्वप्न आहे. स्वप्नांवरचं एवढं साहित्य उपलब्ध असताना मी पुन्हा पुन्हा याच्याकडे वळतो, कारण इथे मेंदू काम करता करता पकडला गेला आहे. पाठीच्या कातडीने वर कळवलं होतं ते इतकंच: इथे काहीतरी गार आणि ओलं आहे. गळकं छप्पर, त्याचं भोक, निखळलेलं प्लॅस्टर, कोसळलेली नायिका हे सगळं मेंदूने अर्ध्या मिनिटात उभं केलं, आणि तेही कार्यकारणासकट. त्यातला क्रमही बघण्यासारखा आहे. पाणी आधी दुसऱ्याच्या अंगावर दिसलं, मग स्वतःच्या अंगाला लागलं. आणि फवारा फक्त पाठीवर बसलेला असताना स्वप्नात डोकंही भिजलं. छप्पर गळतं आहे म्हटल्यावर डोकं कोरडं राहून कसं चालेल?

याच अभ्यासातले आकडे मात्र वेगळीच दिशा दाखवतात. पाण्याचा फवारा ४२ टक्के वेळा स्वप्नात शिरला, प्रकाशाचा झोत २३ टक्के वेळा, आणि आवाज अवघा ९ टक्के वेळा. म्हणजे उघड्या पाठीवर गार पाणी पडूनही निम्म्याहून अधिक वेळा स्वप्न आपल्याच वाटेने चालत राहिलं. मग त्या स्वप्नांमध्ये माणसं चालतात, पळतात, जिने चढतात, कोणाचा हात हातात घेतात, उंचावरून पडताना पोटात गोळा येतो, ते सगळं कुठून येतं? 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण स्वप्नात काय येतं याचं उत्तर देते आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण आलेली गोष्ट अंगाला लागते कशी, याचं उत्तर मनात नाही, शरीराच्या बांधणीत शोधावं लागतं.

त्यासाठी आधी जागेपणीच्या स्पर्शाकडे नीट बघू. माँट्रियलचे मेंदूशल्यचिकित्सक वायल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायचे, तेव्हा रुग्ण जागा असे. कवटीपुरती जागा बधिर केली की पुरतं, कारण खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. मेंदूचा नेमका कोणता भाग काढायचा आणि कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यासाठी पेनफिल्ड उघड्या मेंदूवर विजेची बारीक सळई टेकवत. डोक्याच्या मध्यावरून कानाकडे उतरणाऱ्या घळीच्या मागच्या बाजूला सळई टेकली की रुग्ण सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. थोडं खाली सरकलं की ओठ, मग जीभ. अंगठ्याला कोणीही हात लावलेला नसे. १९३७ साली पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी अशा नोंदींवरून मेंदूतला शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओठ आणि बोटं अवाढव्य आहेत आणि सबंध पाठीला जेमतेम जागा मिळाली आहे.

या नकाशाचा अर्थ असा की कातडी फक्त बातमी पाठवते, स्पर्श घडतो तो आत. बोटाच्या टोकाला दुखतं असं वाटतं, कारण मेंदू ते दुखणं तिथे नेऊन ठेवतो. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला अंगठा ठणकतो तो याच कारणाने. म्हणून स्वप्नातल्या स्पर्शाला कोणी खोटा म्हटलं की मला ते पटत नाही. त्या स्पर्शामागे वस्तू नसते, हे खरं. पण स्पर्श म्हणून तो जागेपणीच्या स्पर्शाच्याच कारखान्यात, त्याच यंत्रांवर तयार झालेला असतो. बाहेरून कच्चा माल आला नाही, तरी यंत्रं सुरूच होती, एवढाच काय तो फरक.

ही यंत्रं रात्री सुरू असतात हे कळलं १९५३ साली. शिकागोतच युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांना आढळलं की झोपेत ठरावीक काळाने बुबुळं जोरात हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलेली बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. या अवस्थेला आज रेम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते, पहाटेकडे लांबत जाते आणि मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा व्यापते. स्वप्नं इतर झोपेतही पडतात. पण ज्यात आपण सगळ्या देहानिशी वावरतो, अशी भरगच्च स्वप्नं मुख्यतः या झोपेतली. तेव्हा मेंदूचा विद्युत आलेख जवळजवळ जागेपणीसारखा दिसतो. भीती आणि हुरहुर यांच्याशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग जोरात असतो. कपाळामागचा, 'हे कसं शक्य आहे' असं विचारणारा भाग मात्र मंदावलेला असतो. त्यामुळे नायिका कशाने पडली हे स्वप्नातला माणूस विचारतो, पण मी नट कधी झालो हे विचारत नाही.

पण एक अडचण होती. मेंदू इतका जागा असेल तर शरीर पलंगावर पडून कसं राहतं? याचं उत्तर फ्रान्समधल्या लियॉन शहरात मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दिलं. १९५९ साली त्यांनी दाखवलं की या झोपेत मानेपासून खालचे स्नायू पार सैल पडलेले असतात. डोकं जागं आणि अंग लुळं, म्हणून त्यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटलं. पुढे त्यांनी मांजराच्या मेंदूच्या देठातला, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातला, एक चिमुकला तुकडा निकामी केला. आता ही मांजरं गाढ झोपेत उठून उभी राहू लागली. डोकं वर करून काहीतरी न्याहाळत, दबा धरत, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालत, कान पाडून फिसकारत. पण खोलीत खरोखर ठेवलेल्या गोष्टींकडे त्यांचं लक्ष जात नसे.

त्या मांजरांना शिकार करायचे हुकूम कोणी नव्याने दिले नव्हते. ते रोजच सुटत होते. रोज ते मज्जारज्जूत अडवले जात होते, आणि अडवणारी चौकी तेवढी जुव्हे यांनी उठवली. आता आपल्याला माहीत आहे की रेम झोपेत मेंदूच्या देठाकडून आलेल्या इशाऱ्यावर ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर पडतात आणि स्नायूंना हलवण्याचं त्यांचं काम बंद पाडतात. डोळे आणि छाती-पोटामधलं श्वासपटल यांना यातून सूट आहे.

स्वप्नातल्या शरीराचं सगळं गुपित मला या अडवलेल्या हुकमात दिसतं. सरकारी कचेरीतून पत्र बाहेर पडतं तेव्हा त्यावर जावक क्रमांक पडतो आणि त्याची स्थळप्रत फाइलला लागते. पत्र वाटेत कुठे अडकून पडलं, तरी कचेरीच्या लेखी ते गेलेलं असतं आणि पुढचं काम त्या स्थळप्रतीवरून सुरू होतं. मेंदूही पायाला 'टाक पाऊल' असा हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक प्रत आपल्याच संवेदनेच्या विभागांना पाठवतो. ती प्रत हातात पडताच ते विभाग आता काय जाणवेल याचं चित्र तयार करतात: टाच टेकेल, गुडघा वाकेल, भार या पायावरून त्या पायावर जाईल. जागेपणी क्षणार्धात पायाकडून खरी बातमी येते आणि चित्राशी ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळलं की आपल्याला चालल्याचं भानही राहत नाही. जुळलं नाही, अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय सपाट फरशीवर आपटला, की सबंध शरीर हादरतं. त्या क्षणी आपल्याला जी नसलेली पायरी इतकी ठळक जाणवलेली असते, ती मेंदूने आधीच करून ठेवलेली असते.

रेम झोपेत पत्र मज्जारज्जूत अडतं, प्रत मात्र पोहोचते. पायाकडून खंडन करणारं उत्तर येत नाही, आणि आलंच तरी ते दुबळं असतं. म्हणून आपण चालतो. चालल्याची आठवण येत नाही, चालल्याची कल्पना करत नाही, प्रत्यक्ष चालतो.

याचा पडताळा घ्यायचा तर झोपलेल्या माणसाला स्वप्नात ठरवून एखादी हालचाल करायला सांगता आली पाहिजे. काही लोकांना स्वप्नातच आपण स्वप्नात आहोत हे कळतं. अशा स्वप्नांना आपण जाणती स्वप्नं म्हणू. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये अशा एका स्वप्नाळूकडून झोपेतूनच खूण मिळवली. आधी ठरल्याप्रमाणे त्याने स्वप्नात डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, आणि डोळ्यांना लकव्यातून सूट असल्यामुळे ते पलंगावरही फिरले. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी ही पद्धत पक्की केली. २०११ साली म्युनिकमधल्या मॅक्स प्लांक संस्थेत मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी तिचा उपयोग करून जाणत्या स्वप्नाळूला एमआरआय यंत्रात झोपवलं. स्वप्न सुरू झालं की डोळ्यांची खूण करायची आणि एक एक हाताची मूठ आवळायची, असं ठरलं होतं. हात जागचा हलला नाही. पण डाव्या मुठीच्या वेळी मेंदूच्या उजव्या बाजूचा आणि उजव्या मुठीच्या वेळी डाव्या बाजूचा हालचाल-संवेदनेचा पट्टा उजळला, जागेपणी मूठ आवळताना उजळतो तोच. जर्मनीतले डॅनियल एरलाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी स्वप्नाळूंना स्वप्नात उठाबशा काढायला लावल्या. पाय स्थिर होते, तरी हृदयाचे ठोके वाढले.

डोळ्यांबाबतचा पुरावा मला याहूनही खणखणीत वाटतो. समोर बोट धरून सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं, तर आपली नजर त्यामागे अखंड सरकते. आता डोळे मिटा आणि तेच बोट कल्पनेत फिरवा: बुबुळं धक्के खात, टप्प्याटप्प्याने सरकतात. हे इच्छेने बदलता येत नाही. २०१८ साली लाबर्ज आणि बेंजामिन बेअर्ड यांनी जाणत्या स्वप्नाळूंना स्वप्नातल्या बोटाचा पाठलाग करायला सांगितलं. त्यांची नजर जागेपणीसारखीच अखंड सरकली. म्हणजे डोळ्यांच्या स्नायूंपुरतं तरी स्वप्न हे कल्पनेच्या नव्हे, पाहण्याच्या खात्यात जमा आहे.

तोल आणि वजन यांची संवेदना स्वप्नात हालचालीच्या खालोखाल समृद्ध असते. उडण्याची आणि पडण्याची स्वप्नं जगभर पडतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून आलेली बातमी ज्या केंद्रांत उतरते, ती मेंदूच्या देठातच, म्हणजे रेम झोप जिथून चालवली जाते त्याच्या शेजारी आहेत आणि या झोपेत ती सक्रिय असतात. डोकं उशीवर स्थिर असताना तिथून 'आपण हलतो आहोत' असा कौल गेला, की मेंदूला त्याचा अर्थ लावावाच लागतो. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला चाळीस वर्षांनी स्वप्नात ते पाण्याने उचलून धरणं जसंच्या तसं लागतं, ते यामुळेच. कॅनडात १९९६ साली झोपलेल्यांना झोळीत हळूहळू झुलवूनही पाहिलं गेलं, आणि त्यांच्या स्वप्नांत तोलाच्या संवेदना वाढलेल्या आढळल्या.

आणि तरीही स्वप्नातलं शरीर सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. पाठलाग होतो आहे, जीव खाऊन पळायचं आहे आणि पाय चिखलात रुतल्यासारखे जड झाले आहेत, हे स्वप्न कोणाला पडलं नसेल? याची एक उपपत्ती वरच्या हिशेबातूनच निघते. सावकाश चालायला प्रतीवरचं काम पुरतं. जोरात पळताना मात्र मेंदू पायांकडून ताबडतोब उत्तराची अपेक्षा धरतो, पाय तर लुळे आहेत, आणि न आलेलं उत्तर जडपणा म्हणून जाणवतं.

वास आणि चव यांची स्थिती सगळ्यांत हलाखीची. माँट्रियलमध्ये अँटोनिओ झाड्रा, टोरे नील्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांनी घरी लिहून ठेवलेली तीन हजारांहून अधिक स्वप्नं तपासली. आवाज निम्म्या स्वप्नांत होता. वास किंवा चव मात्र सुमारे एक टक्का स्वप्नांतच आढळली. स्वप्नात आपण ताटावर बसतो, जेवतो, पण आमटी आंबट होती की तिखट हे सकाळी सांगता येत नाही. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी वास नेला तरी फार फरक पडत नाही. २००९ साली श्रेडल यांनी जर्मनीत रेम झोपेत काहींना गुलाबाचा वास दिला आणि काहींना कुजक्या अंड्यांचा. स्वप्नात फुलंही आली नाहीत आणि अंडीही. पण गुलाबाने स्वप्नाचा भाव प्रसन्न झाला आणि कुजक्या वासाने उदास.

हालचाल इतकी भरघोस आणि वास इतका क्षीण, असं का? माझं उत्तर असं की हालचाल हा मेंदूचा स्वतःचा माल आहे. पाऊल टाकायचं त्यानेच ठरवलेलं असतं, म्हणून पाऊल कसं लागेल हेही त्याला आधीच माहीत असतं. वास त्याने ठरवलेला नसतो. तो येतो वाऱ्यावरून, हवेतल्या रेणूंच्या मर्जीने, आणि त्याचा अंदाज बांधून ठेवण्याची गरज मेंदूला क्वचितच पडते. जे आपण करतो ते स्वप्नात फुलतं आणि जे आपल्याला होतं ते कोमेजतं, असा हा ढोबळ नियम मला दिसतो.

वेदना या नियमाच्या सीमेवर उभी आहे. काही अविश्वसनीय घडलं की आपण स्वतःला चिमटा काढून बघतो, स्वप्नात दुखत नाही या भरवशावर. हा भरवसा अर्धाच खरा आहे. स्वप्नात वेदना एरवी दुर्मीळ असतात, पण असतात. साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी स्वप्नात दुखलेलं आठवतं. नील्सन यांनी झोपलेल्यांच्या पायाभोवती रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून तो फुगवला, तेव्हा काहींच्या स्वप्नात पाय खरोखर दुखला. भाजलेल्या रुग्णांचा अनुभव तर मन हेलावून टाकतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्पितळात दाखल असलेल्या अशा रुग्णांपैकी जवळपास ४० टक्क्यांना वेदनांची स्वप्नं पडल्याचं आढळलं, आणि ज्यांना ती पडत त्यांची झोपही अधिक वाईट होती. ज्याला दिवसभर सोसायचं आहे त्याला रात्रीही सुटका नाही, ही गोष्ट वेदनाशामक औषधाच्या वेळा ठरवणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चिमट्याचं म्हणाल, तर स्वप्नातल्या चिमट्याने दुखूही शकतं, कारण दुखवणारी बोटं आणि दुखणारा दंड दोन्ही मेंदूचेच. शिवाय रेम झोपेतून नुकत्याच उठवलेल्या लोकांना स्वतः स्वतःला केलेल्या गुदगुल्याही दुसऱ्याने केल्यासारख्या लागतात, असं मार्क ब्लॅग्रोव्ह आणि सारा-जेन ब्लेकमोर यांच्या प्रयोगात दिसलं. एरवी हुकमाची प्रत पाहून 'हा तर आपलाच हात' म्हणणारी तपासणी स्वप्नात ढिली पडते, त्याचा हा मागे रेंगाळलेला परिणाम.

डोळ्यांचा आधार जिथे नसतो तिथे हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला जातो. डेन्मार्कमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मांधांच्या स्वप्नांत स्पर्श, आवाज, वास आणि चव हे सगळं डोळस लोकांपेक्षा अधिक आढळलं. हेलन केलर यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती १९ महिन्यांच्या असतानाच गेली होती. आपल्या स्वप्नांविषयी त्यांनी १९०८ साली लिहिलं. लहानपणी एकदा स्वप्नात त्यांना केळ्यांचा वास आला, तो इतका स्पष्ट, की सकाळी कपडे करण्याआधीच त्या फडताळाशी केळी शोधायला गेल्या. केळी नव्हती आणि घरात कुठे वासही नव्हता. ज्या मुलीला जगाची निम्मी ओळख नाकानेच होत होती, तिच्या मेंदूला वासाचा अंदाज बांधण्याचं वळण लागलेलं असणारच.

पण मला सगळ्यांत थक्क करतात ती जन्मतःच पाय लुळे असलेल्यांची स्वप्नं. फ्रान्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मापासून कधीच न चाललेल्या माणसांनीही आपण स्वप्नात चालतो असं सांगितलं. या माणसांजवळ चालण्याची एकही आठवण नाही. पाऊल टेकल्याची बातमी त्यांच्या पायाने कधी पाठवलेली नाही. तरी चालण्याचा हुकूम तयार करणारी जुळणी मेंदूत आहे, आणि आयुष्यभर इतरांना चालताना पाहून ती जागी राहते. जागेपणी हुकूम जाऊ शकत नाही. स्वप्नात तर कोणाचाच जात नाही, तिथे सगळे एका पायरीवर येतात.

ही अडवणूक वेळेत उठली नाही किंवा वेळेआधी उठली, तर काय होतं, हेही सांगायला हवं, कारण त्यापायी लोक उगाच धास्तावतात आणि कधी जिथे सावध व्हायचं तिथे होत नाहीत. डोळे उघडले, खोली दिसते आहे, पण हात उचलत नाही, हाक मारता येत नाही, छातीवर कोणीतरी बसलं आहे. आपल्याकडे 'भुताने दाबलं' म्हणतात, जपानमध्ये त्याला 'कानाशिबारी' असं नाव आहे. मेंदू जागा झालेला असतो, स्नायू अजून सुटलेले नसतात. बरगड्यांमधले स्नायू सैल असल्याने श्वास एकट्या श्वासपटलावर चालतो आणि मनाजोगा दीर्घ श्वास घेता येत नाही. हे अडलेपण वजन म्हणून लागतं, भीतीचं केंद्र पेटलेलं असतंच, आणि वजन आहे तर ते टाकणारं कोणीतरी हवं. नाटकातल्या माणसाने ओल्या पाठीवरून छप्पर उभारलं, तसा इथे जड छातीवरून बसणारा उभा राहतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. ते आपोआप सुटतं. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं, वारंवार होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवावं, मांत्रिकाला नव्हे.

उलट प्रकार अधिक गंभीर. १९८६ साली अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, जे जुव्हे यांच्या मांजरांसारखे स्वप्न अंगाने वठवत होते: गुद्दे मारत, लाथा झाडत, पलंगावरून उड्या घेत, शेजारी झोपलेल्या बायकोला जखमी करत. मेंदूच्या देठातली चौकी ढासळल्याची ही खूण आहे. २०१९ साली १२८० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार बारा वर्षांत सुमारे ७३ टक्के लोकांना कंपवात किंवा त्याच जातीचा मेंदूचा आजार जडण्याचा संभव दिसला. घरातले पन्नाशी-साठी ओलांडलेले काका झोपेत हातपाय झाडायला लागले, तर त्यावर हसून सोडून न देता त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं. पलंगाशेजारच्या काचेच्या वस्तूही हलवाव्यात.

आता राहिला चिमट्याच्या जागी काय वापरायचं हा प्रश्न. जाणती स्वप्नं पाहणाऱ्यांनी यावर एक उत्तर शोधलेलं आहे. ते दिवसातून अनेकदा नाक घट्ट दाबून, तोंड मिटून श्वास घेऊन बघतात, म्हणजे सवयीने हीच तपासणी स्वप्नातही होते. जागेपणी श्वास अडतो. स्वप्नात बोटं नाकावर दाबलेली लागतात, नाकपुड्या मिटलेल्या लागतात आणि श्वास मात्र खुशाल आत येतो. स्वप्नातला हात मज्जारज्जूत अडकला आहे, खरं नाक उघडंच आहे. श्वासपटलाला मात्र या झोपेतही मोकळीक असते. लाबर्ज आणि डिमेंट यांनी १९८२ साली दाखवलं होतं की स्वप्नात मुद्दाम श्वास रोखला तर पलंगावरच्या शरीराचा श्वासही थांबतो. इथे हुकूमही पोहोचतो आणि उत्तरही परत येतं. म्हणूनच दंडाच्या बाबतीत फसणाऱ्या मेंदूला श्वासाच्या बाबतीत फसवता येत नाही.